कण्हेरचा रस्ता, तुटलेली क्लच वायर आणि ७९९ चं कव्हर

पत्र मेढ्याहून आलंय, थोडं कापून देतोय.

"काका नमस्कार. मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मेढा-सातारा रोज पप्पांच्या गाडीवर जाते-येते. १०० सीसीची आहे, २०१४ ची, तारेच्या चाकांची, आरसी पप्पांच्या नावावर. मागच्या महिन्यात रात्री सव्वानऊला कण्हेरच्या पुढं क्लच वायर तुटली. रेंज एक दांडी, कधी तीपण नाही. अर्धा-पाऊण तास गाडी ढकलत चालले, मग एका भाजीच्या पिकअपवाल्यानं गाडी मागं टाकून घरी सोडलं, ७०० रुपये घेतले. तेव्हापासून पप्पांचं एकच, ते ब्रेकडाऊन कव्हर का काय ते घे नाहीतर नोकरी सोड. महिन्यातून दोनदा हायवेनं कराडला ताईकडं पण जाते. इन्शुरन्स २८ तारखेला संपतोय. एजंट म्हणतो नुसतं थर्ड पार्टी ८४३, आणि फुल इन्शुरन्स आरएसए टाकून १३९०. ऑनलाइन एक वेगळा प्लॅन बघितलाय ७९९ ला, त्यात अमर्याद टोइंग लिहिलंय. शोरूमवाले म्हणाले गाडी जुनी आहे, आमच्या स्कीममध्ये बसत नाही. मग कुठलं घेऊ? ता. क. पंक्चर काढायला शिकू का मी?"

बाळ, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मला एक गोष्ट खटकली, ती आधी सांगतो आणि पैशाचं मग बघू. तू विचारतेयस गाडीबद्दल आणि पप्पा बोलतायत तुझ्याबद्दल. ब्रेकडाऊन कव्हर, म्हणजे ज्याला आपल्याकडं सगळे आरएसए (रोडसाईड असिस्टन्स) म्हणतात, ते गाडीचं असतं. बंद पडलेली गाडी चालू करायची नाहीतर उचलून गॅरेजला न्यायची एवढंच त्याचं काम. तू रात्री साडेनऊला घरी कशी पोचणार हे त्यात बहुतेक वेळा नसतंच, आणि असलं तरी कागदावर. म्हणून पप्पांना कव्हरचा कागद दाखवलास तरी त्यांची काळजी जाणार नाही, आणि त्यांचं चुकतंय असंही मी म्हणणार नाही, फक्त नोकरी सोड हे मात्र काहीच्या काही झालं, वायर तुटली म्हणून कोणी नोकरी सोडतं का.

आता असं करू, त्या रात्री तुझ्याकडं तो ७९९ चा प्लॅन होता असं धरून चालू. सव्वानऊला वायर तुटली. पहिलं काम फोन लावणं, आणि तिथं रेंज नाही. म्हणजे रेंज मिळेपर्यंतचं चालणं कव्हर असतं तरी चुकलं नसतं. बरं फोन लागला. पलीकडचा माणूस कुठल्यातरी लांबच्या शहरात बसलेला, तो हिंदीत विचारणार लँडमार्क बताइए, आणि तू काय सांगणार, डाव्या हाताला धरणाचं पाणी आणि उजव्या हाताला ऊस? मग तो लोकेशनची लिंक पाठवणार, ती उघडायला नेट पाहिजे. तेही जमलं समज. मग तो त्यांच्या यादीतला माणूस शोधणार. या कंपन्यांची स्वतःची गाडी आपल्या भागात फिरत नसते गं, साताऱ्यातला नाहीतर वाईतला कोणीतरी टोइंगवाला त्यांच्याशी जोडलेला असतो, आणि त्याला त्याच वेळेला हायवेवरच्या कारचा कॉल आला तर तो कुठं जाईल हे तूच सांग, कारचे पैसे जास्त मिळतात.

तरीपण आला समज, तास-दीड तासानं. त्याच्याकडं तुझ्या गाडीची क्लच वायर असेल का? नसते. जागेवर किरकोळ काम करून देऊ असं लिहिलेलं असतं त्यात मजुरी फुकट आणि पार्टचे पैसे आपले, पण पार्ट जवळ असला तर ना. म्हणजे उचलून न्यायची. कुठं? "जवळच्या गॅरेजला". जवळचं म्हणजे कुठलं हे तू नाही ठरवायचं, ते ठरवणार, आणि बऱ्याच प्लॅनमध्ये अधिकृत सर्व्हिस सेंटर असं असतं, म्हणजे गाडी परत साताऱ्याला, आणि तू निघालेली मेढ्याला. रात्री अकराला गॅरेजचं शटर बंद, गाडी शटरसमोर उभी करणार, सही घेणार आणि निघणार. आणि हे सगळं होताना तू टोइंगच्या केबिनमध्ये अनोळखी माणसाशेजारी बसून साताऱ्याला परत. पप्पांना हेच पाहिजे होतं का? तो भाजीच्या पिकअपवाला तुला घरी सोडून गेला ना, मला विचारशील तर ७०० रुपयात त्या रात्री त्याच्याइतकं चांगलं कव्हर कुठल्याच कंपनीनं दिलं नसतं. (नंबर घेतलास का त्याचा? घेतला नसशील तर भाजी मार्केटात जाऊन शोध, पिकअपवाले एकमेकांना ओळखतात.)

हे मी ऐकीव सांगत नाहीये. मी स्वतः एक असाच प्लॅन घेतला होता, कंपनीचं नाव सोडून देतो. रविवारी दुपारी पसरणी घाटात चेन तुटली. फोन केला, त्यांनी तक्रार घेतली, मेसेज आला की चाळीस मिनिटांत मदत पोचेल. मग दर अर्ध्या तासानं नवीन माणूस फोन करून पहिल्यापासून सगळं विचारायचा, गाडी कुठली, रंग कुठला, नंबर काय. तिसऱ्या फोनला मी म्हटलं रंग काळाच आहे अजून. शेवटी वाईचा एक माणूस छोटा हत्ती घेऊन आला, बिचारा चांगला होता, गाडी नीट दोरीनं बांधली, पण वाईत नेऊन ठेवली ते सर्व्हिस सेंटर रविवारचं बंद. सोमवारी परत वाई. म्हणजे टोइंग फुकट झालं आणि माझा एक दिवस गेला. याचा अर्थ प्लॅन फसवा होता असं नाही, लिहिलेलं होतं तेवढं त्यांनी केलं. मीच वाचलं नव्हतं.

आता पैशाचा हिशोब. एजंटचा ८४३ चा आकडा बरोबर आहे, ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला थर्ड पार्टीचा दर १ जून २०२२ पासून ७१४ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. हा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांत सारखाच, त्यामुळं थर्ड पार्टी स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडं जरा तिरकं बघ. हे घेणं कायद्यानं सक्तीचंच आहे, नसलं तर पहिल्यांदा २००० आणि दुसऱ्यांदा ४००० दंड, तो विषय संपला. पण थर्ड पार्टीत तुझ्या गाडीचं काहीच नसतं, समोरच्याचं नुकसान तेवढं. आणि आरएसएचा ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जोडून घ्यायचं जादा कव्हर, साधारणपणे नुसत्या थर्ड पार्टीला चिकटवून मिळत नाही, त्याच्याखाली स्वतःच्या गाडीचं कव्हर लागतं, ज्याला हे लोक ओडी म्हणतात. म्हणून एजंटनं दोन आकडे दिलेत.

१३९० वजा ८४३, ५४७ राहिले. या ५४७ मध्ये तुला ओडी पण मिळतंय आणि आरएसए पण. ७९९ मध्ये नुसतं आरएसए. इथंच खरं तर अर्धं उत्तर झालं.

पण थांब, लगेच पैसे देऊ नकोस. फुल इन्शुरन्स म्हटलं की लोकांना वाटतं गाडीला काय पण झालं तरी कंपनी देईल. नाही देत. इंजिन बिघडलं, वायरिंग जळलं, वायर तुटली, टायर झिजला, म्हणजे झीज आणि यांत्रिक-विजेचा बिघाड, हे मूळ पॉलिसीत सरळ वगळलेलं असतं. ओडी म्हणजे अपघात, चोरी, आग, पूर, दरड असल्या गोष्टींसाठी. आणि तुला एक गंमत सांगतो, दुचाकीच्या जुन्या ठरीव पॉलिसीच्या मजकुरात अपघातानंतर गाडी गॅरेजपर्यंत न्यायला किती रुपये लिहिलेत माहितीये? ३००. तीनशे! तेही अपघात झाला तर. पिकअपवाल्यानं ७०० घेतले म्हणून तुला जास्त वाटत असेल तर हे बघ. म्हणून ॲड-ऑनचा वेगळा कागद असतो तो मागायचा, पॉलिसीवर "आरएसए: हो" एवढं छापलं म्हणून भागत नाही.

एजंटला हे विचार, आणि तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लेखी घे. २०१४ च्या गाडीला हा ॲड-ऑन खरंच बसतो का, कारण बऱ्याच कंपन्यांत ॲड-ऑनला गाडीच्या वयाची अट असते आणि एजंट आधी पैसे घेतो मग पॉलिसी येते तेव्हा तो रकानाच गायब असतो. वर्षातून किती वेळा बोलावता येतं. टोइंग किती किलोमीटरपर्यंत, आणि ते किलोमीटर कुठून मोजतात, गाडी बंद पडली तिथून का टोइंगवाला निघाला तिथून, याच्यावरच सगळी भांडणं होतात. त्याच्या पुढच्या किलोमीटरला काय दर. आणि मी सांगेन त्या गॅरेजला नेणार का, म्हणजे मेढ्यातल्या माझ्या मिस्त्रीकडं. हा शेवटचा प्रश्न तुझ्यासाठी सगळ्यात मोठा. अकरा वर्षांची गाडी तुझा मिस्त्री वीस मिनिटांत चालू करेल, सर्व्हिस सेंटरला गेली की आधी जॉबकार्ड बनणार मग चेन सेट, एअर फिल्टर, ब्रेक शू अशी यादी वाढत जाणार.

आणखी एक, आजवर नुसतं थर्ड पार्टी असेल आणि आता फुल घेत असशील तर कंपनी गाडीचे फोटो नाहीतर व्हिडीओ मागेल, तपासणी म्हणून. ते २८ तारखेच्या आधी करून घे, शेवटच्या दिवशी ॲप चालत नाही हा माझा अनुभव आहे. आयडीव्ही, म्हणजे कंपनीनं धरलेली गाडीची किंमत, किती धरलाय तेही बघ, इतक्या जुन्या गाडीचा आयडीव्ही कमीच असणार, पण कमी म्हणजे किती, गाडी चोरीला गेली तर तेवढेच मिळणार. आरएसए बोलावलं म्हणून नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, जात नाही, तो क्लेम धरत नाहीत, तेव्हा ते बोलवायला घाबरायचं नाही.

७९९ वाल्याबद्दल. "अमर्याद" शब्दाचं मला नेहमी हसू येतं. अमर्याद टोइंग, आणि खाली बारीक अक्षरात प्रत्येक वेळी एवढे किलोमीटर, एकाच बिघाडाला दुसऱ्यांदा नाही, डांबरी रस्ता सोडून आत नाही, पूर-दरडीत नाही, आणि विकत घेतल्यापासून पहिले काही दिवस लागूच नाही. शेवटची अट मुद्दाम शोध, कारण लोक गाडी बंद पडल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहूनच असले प्लॅन घेतात आणि कंपन्यांना ते माहितीये. तुझ्याकडं केळघर घाटात पावसाळ्यात दरड येते, मेढ्याचा पाऊस काय असतो ते मी तुला सांगायला नको, म्हणजे ज्या चार महिन्यांत गाडी बंद पडायची शक्यता जास्त त्याच चार महिन्यांत "नैसर्गिक आपत्ती" म्हणून हात वर करायची त्यांना सोय.

तरी कुठलंही घ्यायच्या आधी एक काम कर, हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणी करत नाही. त्यांच्या मदत क्रमांकाला आधीच फोन लाव, गिऱ्हाईक व्हायच्या आधी, आणि तोही रात्री नऊ वाजता. विचार की मी आत्ता कण्हेर आणि मेढ्याच्या मध्ये आहे, दुचाकी आहे, तुमचा जवळचा माणूस कुठं आहे आणि किती वेळात येईल. मेढ्याचा पिनकोड सांग. जो सांगेल "मॅडम पूरे भारत में सर्विस है" त्याला नमस्कार करून फोन ठेव. जो सांगेल साताऱ्यातून माणूस येईल, दीड तास लागेल, त्याच्याशी पुढं बोल, तो निदान खरं बोलतोय. आणि दुचाकी कशावर टाकून नेता तेही विचार. मोटरसायकल सपाट पाट्यावर उभी करून बांधून न्यायची असते, पुढचं चाक उचलून लटकवत नेली तर काही खरं नाही. आपल्याकडं तर पोरं टोचन म्हणजे दोरी बांधून दुसऱ्या गाडीनं ओढतात नाहीतर मागून फुटरेस्टला पाय लावून ढकलत नेतात. तू कृपा करून यातलं काही करू नकोस, कोणी ओळखीचा दादा मदत म्हणून म्हणाला तरी नको, पाय सटकला की दोघंही ट्रकखाली.

हायवेचं गणित जरा वेगळं आहे, तिथं मला आरएसए पटतं. सातारा-कराड म्हणजे नागठाणे, अतीत, उंब्रज, तासवडे टोलनाका, सगळीकडं रेंज आहे, टोइंगवाल्यांची वर्दळ आहे, माणूस लवकर येतो. आणि तिथं एक फुकटची सोय पण आहे जी निम्म्या लोकांना माहितीच नाही, १०३३, राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाईन, चोवीस तास चालू. दुचाकीला टोल लागत नाही म्हणून आपल्याला विचारणार नाहीत असं समजू नको, मदत सगळ्यांना आहे. पण त्यांचं काम रस्ता मोकळा करणं, गाडी बाजूला घेतील, अपघात असला तर ॲम्ब्युलन्स देतील, तुझ्या मिस्त्रीच्या दारात आणून नाही सोडणार. तिथून पुढं आरएसए. आणि हायवेला कामं चालू असतात, वळवलेले रस्ते असतात, त्यामुळं गाडी बंद पडली की पहिल्यांदा सर्व्हिस रोडला नाहीतर पार डावीकडं मातीत घ्यायची, आणि स्वतः गाडीपासून लांब उभं राहायचं, गाडीला टेकून फोनवर बोलत बसायचं नाही. तुझ्या गाडीला चारी इंडिकेटर एकदम लागत नाहीत, डावा एक चालू ठेव, आणि मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटव, वीस-तीस रुपयात मिळते.

मेढ्याच्या रस्त्याला मात्र माझा भरवसा कंपनीवर नाही. तिथलं कव्हर तुलाच बांधायला लागेल आणि ते सोपं आहे. तीन नंबर. एक मेढ्यातला मिस्त्री, एक साताऱ्यात मोळाच्या ओढ्याकडचं कुठलंतरी गॅरेज जे तुझ्या रोजच्या वाटेवर आहे, आणि एक पिकअपवाला. तिघांना आधी जाऊन भेट, पप्पांना घेऊन जा, सांग की मी रोज या रस्त्यानं जाते, रात्री अडले तर येशील का आणि किती घेशील. आधी ठरलेला आकडा आणि अंधारात ठरलेला आकडा यात फरक पडतो. मोबाईलमध्ये तर ठेवच पण एका कागदावर लिहून सीटखाली ठेव, मोबाईल बंद पडला तर कोणाच्या तरी फोनवरून लावता येईल.

मग राहतो तो पप्पांचा प्रश्न. त्याला माझं उत्तर एसटी आहे. हसू नको. साताऱ्याहून मेढ्याला शेवटची गाडी किती वाजता सुटते ते स्टँडवर जाऊन बघून ठेव आणि ती कण्हेरला साधारण किती वाजता येते ते कंडक्टरला विचार. ड्युटी त्या गाडीच्या आधी सुटेल अशी लॅबमध्ये बोलून घेता आली तर बघ, रोज नाही जमलं तर पावसाळ्यात तरी. गाडी बंद पडली की तिला घरी आणायचा हट्ट सोडायचा. कोंडव्यापासून मेढ्यापर्यंत वाटेवर तीन-चार घरं ओळखीची करून ठेव, पाहुणे असतील, तुझ्या लॅबला येणारे पेशंट असतील, नाहीतर दूध घालणारे कोणी. त्यांच्या अंगणात गाडी लावायची, हँडल लॉक, आणि लाल परीत बसून घरी. गाडी सकाळी. अकरा वर्षांच्या गाडीला अंगणातून कोण नेतंय, आणि नेलीच तर त्याच्यासाठी ओडी घेतोय ना आपण. तू त्या रात्री गाडी ढकलत चाललीस ते मला पटलंच नाही, शंभरेक किलोचं धूड, अंधार, रस्त्याला दिवे नाहीत. गाडीसाठी एवढं कशाला. आणि भीती वाटण्यासारखं काही असलं तर ११२, ते टोइंगसाठी नाही पण त्यासाठीच आहे, संकोच करायचा नाही. घरी एक साधा नियम करा, निघताना मेसेज आणि पाऊण तासात पोचली नाही तर पप्पा निघणार. पप्पांकडं दुसरी गाडी नसेल तर शेजारच्याची ठरवून ठेवा.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण आरसी पप्पांच्या नावावर आहे म्हटलंस म्हणून सांगतो. पॉलिसीबरोबर १५ लाखांचा जो सक्तीचा अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा असतो. मालक पप्पा, चालवतेस तू. म्हणजे देव न करो पण काही झालं तर त्या १५ लाखांचा तुझ्याशी काही संबंध नाही. कव्हर-कव्हर करताना घरात हे कोणाच्या लक्षात आलं नसणार याची मला खात्री आहे, कोणाच्याच घरात येत नाही. एकतर गाडी तुझ्या नावावर करून घ्या, नाहीतर तुझा स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा काढ, त्याचा हप्ता फार नसतो. मला विचारशील तर त्या ७९९ मधले पैसे इकडं लाव.

आणि थोडं गाडीकडं. क्लच वायर एका दिवसात तुटत नाही गं. आधी महिनाभर क्लच जड लागतो, लिव्हरपाशी वायरीचा एक-एक धागा सुटलेला दिसतो, हाताला टोचतो पण. मिस्त्रीला सांग महिन्यातून एकदा वायरीत तेल सोड आणि लिव्हरचं टोक बघ. आता नवीन घातली असशील तर तिच्या जोडीनं अजून एक वायर जुन्या वायरीच्या शेजारनं ओढून टाय मारून ठेवायला सांग, तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, लांब जाणारी मंडळी असंच करतात. डिकी नसेल तर साईड बॉक्समध्ये एक प्लग, प्लग पाना, चेन लॉक (चेन जोडायची कडी), पक्कड, टॉर्च. सगळं मिळून पाचशेच्या आतबाहेर. तुझी गाडी कार्बोरेटरची, किक आहे, बॅटरी मेली तरी धक्का मारून चालू होते, पेट्रोल संपलं तर रिझर्व आहे, म्हणजे आरएसएवाले ज्या चार गोष्टींची जाहिरात करतात त्यातल्या दोन तुला लागतच नाहीत. २०२० नंतरच्या बीएस सहा गाड्यांचं तसं नाही, त्यातल्या बहुतेकांना पेट्रोलचा पंप चालवायला करंट लागतो, कित्येकांना किकच नाही, बॅटरी पूर्ण बसली की धक्का मारून उपयोग नाही. तसली गाडी असती तर मी तुला डोळे झाकून आरएसए घे म्हटलं असतं.

तर एजंटला सांग १३९० वालं करते, पण वरचे प्रश्न लेखी देऊन. त्यानं गाडीच्या वयामुळं ॲड-ऑन बसत नाही म्हटलं तर फक्त ओडी आणि थर्ड पार्टी घे, आणि कराडच्या फेऱ्यांसाठी वेगळा प्लॅन तेव्हाच घे जेव्हा रात्री नऊच्या फोनला तो पास होईल. नाहीतर १०३३ आणि तीन नंबरांवर वर्ष काढ, मला वाटतं निघेल. आरसी, पॉलिसी, लायसन डिजिलॉकरला टाकून ठेव, मदतीला येणारा माणूस पहिल्यांदा तेच मागतो, फक्त रेंज नाही हे लक्षात ठेवून गॅलरीत फोटो पण ठेव.

ता. क. चं उत्तर. पंक्चर नको शिकू. तारेचं चाक म्हणजे आत ट्यूब, म्हणजे चाक काढा, टायर लिव्हरनं टायर उचला, ट्यूब बाहेर, पॅच, परत सगळं आत, आणि मागच्या चाकाला चेन आणि ब्रेकचा रॉड पण सोडवायचा. दिवसा गॅरेजात बसून माणूस करेल, रात्री रस्त्यात नाही. आरएसएवाला पण ट्यूबचं पंक्चर जागेवर काढायच्या भानगडीत सहसा पडत नाही, उचलून दुकानात नेतो. टायर गुळगुळीत झाले असतील तर बदल, हवा दर आठवड्याला बघ, निम्मी पंक्चरं तिथंच कमी होतात. त्यापेक्षा क्लच वायर बदलायला शीक. रविवारी मिस्त्रीकडं अर्धा तास बस, दोनदा काढून दोनदा घाल, तिसऱ्यांदा डोळे मिटून घालून बघ, कारण कण्हेरला अंधारच असतो.